खानदेशात ख्रिस्ती विश्वास उघडपणे जगण्यासाठी: नव्या विश्वासणाऱ्यांकरिता काही पायऱ्या

ज्यांनी अलीकडे प्रभू येशूवर विश्वास ठेवला आहे, ज्यांचा बाप्तिस्मा नुकताच झाला आहे किंवा व्हायचा आहे, आणि जे धुळे, जळगाव किंवा नंदुरबार जिल्ह्यात, बहुधा आपल्या भाऊबंदकीत एकटेच ख्रिस्ती म्हणून राहत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. खानदेशाला ख्रिस्ती माणूस नवा नाही. भुसावळ आणि जळगाव या बाजूला अलायन्स मिशनने, तर धुळे, नंदुरबार आणि नवापूर या बाजूला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले, त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या आजही उपासना करतात आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आजूबाजूच्या पाड्यांना माहीत आहे. तरीही ज्या गावात विश्वासणाऱ्यांचे एकच घर असते, तिथे रोजचा प्रत्येक लहान निर्णय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घ्यावा लागतो आणि कुठे ठाम राहावे, कुठे सबुरीने घ्यावे, हे सांगणारे जवळ कोणी नसते.

माझे म्हणणे असे आहे की, विश्वासाचे धैर्य सर्वांत आधी तिथे दिसावे जिथे त्याची किंमत आपल्या खिशातून किंवा आपल्या नात्यांतून द्यावी लागते. बोलून साक्ष देण्याची वेळ त्यानंतर येते आणि ती बहुधा आपण होऊन येते. पुढील पायऱ्यांचा क्रम याच विचाराने लावला आहे, म्हणून शक्यतो तो बदलू नये.

पहिली पायरी: रोजचे वाचन, प्रार्थना आणि मंडळी

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानाने करावी. त्याचे 16 अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी दोन-अडीच आठवड्यांत प्रभूचे जीवन एकदा समग्र डोळ्यांखालून जाते. त्यानंतर मत्तयाचे 5 ते 7 हे तीन अध्याय घ्यावेत आणि ते घाईने संपवू नयेत, कारण पुढे बाजारात, घरात आणि भांडणात जे प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे या तीन अध्यायांत आहेत. घरातील वडीलधाऱ्या बाईला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाने मोठ्याने वाचावे आणि तिने ऐकावे. प्रार्थना मात्र ज्या बोलीत तुम्ही रडता आणि भांडता त्या बोलीत करावी, मग ती अहिराणी असो, भिली असो, मावची असो की पावरी. छापील मराठीत शब्द सुचत नाहीत म्हणून प्रार्थना थांबवण्याचे काहीही कारण नाही.

एकाच खोलीच्या घरात दार लावून प्रार्थना करता येत नाही ही अडचण खरी आहे. शेताच्या बांधावर, विहिरीजवळ किंवा पहाटे सगळे उठण्यापूर्वी अंथरुणातच बसून ती करता येते. प्रभूने मत्तय 5 मध्ये सत्कर्मे लोकांना दिसू द्यावीत असे सांगितले आणि लगेच सहाव्या अध्यायात प्रार्थना गुप्तपणे करावी असे सांगितले. नवा विश्वासणारा उत्साहाच्या भरात बहुधा याच्या उलट वागतो, म्हणजे प्रार्थना सगळ्या आळीला ऐकू जाते आणि सत्कर्मांची सुरुवात राहून जाते. हा क्रम पहिल्याच महिन्यात सुलट करून घ्यावा.

रविवारची उपासना चुकवू नये. आठवडे बाजार रविवारी भरत असेल किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत मालकाला माणसांची गरज असेल, तर आधीच्या आठवड्यातच मालकाशी बोलून त्या दिवसाचे काम दुसऱ्या दिवशी भरून देण्याची तयारी दाखवावी. न सांगता गैरहजर राहून नंतर उपासनेचे कारण देणे योग्य नाही. जवळ मंडळी नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घरसभा घ्यावी आणि महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या मंडळीत जावे.

दुसरी पायरी: घरच्यांना आपण स्वतः सांगणे

तुम्ही ख्रिस्ती झाल्याची बातमी आई-वडिलांना पाणवठ्यावर किंवा पारावर दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नये. त्यांना शांत वेळी, शक्य तर दोघांना एकत्र बसवून, स्वतः सांगावे. ते बोलणे लांबवू नये आणि त्यात कुलदैवतांविषयी एकही हीन शब्द येऊ देऊ नये. आई पहिल्यांदा विचारते ते धर्मशास्त्राविषयी नसते. आमच्या मागे आमचे कोण करील, पितर म्हणून आमच्या नावाने घागर कोण भरील, बहिणीचे लग्न कसे जमेल, हे तिचे प्रश्न असतात, आणि त्या प्रश्नांमागे तिचे प्रेम आणि भीती दोन्ही असतात. त्यांना वचनांच्या यादीने उत्तर देणे निर्दयपणाचे ठरते. तुमची औषधे, तुमचे दवाखाने, शेतातील माझे काम आणि बहिणीच्या लग्नातील माझा वाटा यांत काही कमी होणार नाही, एवढे सांगावे, आणि मग खरोखरच ते पाळावे. मार्क 7 मध्ये देवाच्या नावाने अर्पण केले असे सांगून आई-बापांची जबाबदारी टाळणाऱ्यांना प्रभूने कठोर शब्दांत दोष दिला आहे, हे नव्या विश्वासणाऱ्याने विसरू नये. जो मुलगा दर रविवारी उपासनेला जातो आणि वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च भावावर ढकलतो, त्याच्या साक्षीला त्या घरात कधीही वजन येणार नाही.

पती किंवा पत्नी अजून विश्वासात आलेली नसेल तर विशेष संयम लागतो. कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्यासोबत नव्हत्या, काही काळ दोघांना वेगळे राहावे लागले आणि लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर. मराठी ख्रिस्ती समाजातील या सर्वपरिचित घरालाही अशी वाट पाहावी लागली, तर आपल्या घरात सहा महिन्यांत सगळे व्हावे असा हट्ट कशासाठी? जोडीदाराचे देव्हाऱ्यातील देव त्याच्या किंवा तिच्या संमतीशिवाय हलवू नयेत. मुलांना कुठे न्यावे, काय शिकवावे, हे दोघांनी बोलून ठरवावे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अशा जोडप्याविषयी स्पष्ट सूचना आहे की, जोडीदार एकत्र राहायला तयार असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये.

तिसरी पायरी: पैसा, माप आणि मजुरी

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि हिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून मी येथे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक वही घ्यावी आणि कोणाचे काय देणे आहे ते लिहून काढावे: किराणा दुकानाची जुनी उधारी, भावाच्या हिश्श्यातून ओढलेला बांध, मजुराची अर्धवट राहिलेली मजुरी, खोटे सांगून घेतलेली मदत. लूक 19 मधील जक्कयाने प्रभू घरी आल्यावर पहिली गोष्ट केली ती हिशेबाची होती, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देण्याचे त्याने सगळ्यांसमोर कबूल केले. तुम्हाला चौपट देणे परवडणार नाही, पण मूळ रक्कम हप्त्यांनी का होईना, परत करता येते. असे पैसे घेऊन तुम्ही एखाद्याच्या दारात उभे राहिलात की तो कारण विचारतो, आणि त्याला द्यावयाचे उत्तर हीच बहुधा तुमची पहिली जाहीर साक्ष असते.

शेतकऱ्याची परीक्षा कापसाच्या गंजीपाशी होते. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणे, वर पांढराशुभ्र माल ठेवून आत कवडी कापूस दडवणे, हे सगळेच करतात असे म्हणून चालणार नाही. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात खरा काटा आणि खरे माप ठेवण्याची आज्ञा आहे आणि ती घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सारखीच लागू आहे. जो विश्वासणारा खेडा खरेदी करतो त्याने आपला काटा शेतकऱ्याला स्वतः तपासू द्यावा. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या व्यवहारात असलेल्याने किती कट्टी (वजनातील कपात) लावणार ते माल कापण्यापूर्वी सांगावे, ट्रक भरल्यानंतर नव्हे. जळगावच्या सराफ बाजारात काम करणाऱ्याने दागिन्यातील घट आणि मजुरी पावतीवर लिहून द्यावी. यामुळे सुरुवातीला काही व्यवहार हातचे जातील. ते जाऊ द्यावेत आणि त्याची भरपाई देव दामदुप्पट करील असा हिशेब मनात ठेवू नये, कारण तसे वचन प्रत्येक व्यवहारासाठी दिलेले नाही.

मजुरीच्या बाबतीत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय इतका कडक आहे की तो वाचून शेतमालकाने थबकावे. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडत आहे आणि ती हाक देवाच्या कानी गेली आहे, असे तो म्हणतो. आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते आणि जुन्या सालाचा हिशेबही तेव्हाच होतो. ख्रिस्ती शेतकऱ्याने आखाजीच्या आधीच सालदाराच्या हातात पूर्ण हिशेब आणि पूर्ण पैसे द्यावेत, खाडे मोजताना त्याच्या आजारपणाचे दिवस वेगळे धरावेत आणि पुढच्या सालासाठी त्याला उचलीच्या ओझ्याखाली बांधून ठेवू नये. नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणाऱ्या टोळीचा मुकादम विश्वासणारा असेल तर त्याची जबाबदारी आणखी मोठी आहे. किती उचल दिली, किती टन तोडले, किती फिटले, हे त्याने प्रत्येक जोडप्याला त्यांच्या बोलीत समजावून सांगावे आणि त्याची नोंद त्यांच्याकडेही राहू द्यावी.

नोकरदाराची अडचण वेगळ्या प्रकारची असते. आश्रमशाळेत हजेरीपटावर नसलेली मुले दाखवायला सांगितले जाते, कार्यालयात न झालेल्या कामाच्या बिलावर सही मागितली जाते. अशा वेळी दानीएलाच्या पहिल्या अध्यायाचा अभ्यास करावा. राजाचे अन्न खाणार नाही हे त्याने मनात ठरवले, पण अधिकाऱ्यासमोर आरडाओरडा केला नाही. त्याने विनंती केली, नकार मिळाल्यावर कारभाऱ्याकडे दहा दिवसांची चाचणी घेण्याचा पर्याय ठेवला, आणि त्या माणसाची भीतीही समजून घेतली. तुम्हीही म्हणू शकता: “साहेब, या आकड्यावर माझी सही होणार नाही. जेवढी मुले हजर आहेत तेवढ्यांचा पट मी आज संध्याकाळपर्यंत चोख करून देतो आणि कमी पडलेल्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना आणण्याचा प्रयत्नही करतो.” नकार स्पष्ट असावा, आवाज खाली असावा आणि आपल्याकडून करता येण्यासारखे काम त्याच वाक्यात पुढे ठेवावे. पुढे बदली झाली किंवा बढती अडली, तर ती या पायरीची किंमत आहे आणि ती द्यावी लागू शकते, हे आधीच जाणून असावे.

चौथी पायरी: आखाजी, कानबाई आणि भाऊबंद

बहुतेक नव्या विश्वासणाऱ्यांचे पत्रव्यवहारातील आणि भेटीतील प्रश्न याच विषयाचे असतात. त्यांचे उत्तर शोधताना पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय पुन्हा पुन्हा वाचावेत, कारण करिंथची मंडळीही मूर्तिपूजक नातलग आणि शेजाऱ्यांमध्ये राहत होती. तेथील शिकवण थोडक्यात अशी आहे: प्रभूच्या मेजाचा आणि मूर्तीच्या वेदीचा दोन्हींचा भागीदार होता येत नाही. कोणी जेवायला बोलावले तर जावे आणि पुढे वाढलेले चौकशी न करता खावे. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये.

ही शिकवण आखाजीला लावून पाहू. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. बहिणीला आणायला जाणे, तिला साडी घेणे, तिच्यासाठी झोका बांधणे आणि सगळ्यांसोबत जेवणे यांत विश्वासणाऱ्याला कसलाही अडथळा नाही, उलट त्याने यंदा हे दरवर्षीपेक्षा अधिक मनापासून करावे. पितरांच्या नावाने घागर भरणे आणि आगारी टाकणे (अग्नीत अन्न अर्पण करणे) ही मात्र पूजा आहे आणि ती त्याने करू नये. आजी-आजोबांविषयीची कृतज्ञता त्याने दुसऱ्या मार्गाने दाखवावी: त्यांची आठवण घरात बोलून काढावी, त्यांच्या नावाने एखाद्या गरीब घराला धान्य द्यावे. आखाजीच्या दिवसांत गावोगाव पत्त्यांचे जुगाराचे डाव बसतात. तिथे नकार देताना बसलेल्यांना उपदेश करू नये. “मी आता खेळत नाही, भाऊ” एवढे पुरे आहे, आणि जो त्या डावात बियाण्याचे पैसे हरला असेल त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन काय लागते ते विचारावे.

कानबाई या खानदेशातील देवीच्या सणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण श्रावणातील तिचे रोट, म्हणजे तिच्या प्रसादाचे जेवण, केवळ एका घराचे नसतात. त्यांच्यासाठी परगावी गेलेले भाऊबंदही परततात आणि एका घराण्याचे लोक एकत्र येतात. म्हणून रोटाला नकार दिला की आपण नाते तोडले असा त्याचा अर्थ घेतला जातो. अशा वेळी सणाच्या दिवशी अचानक तोंड फिरवण्यापेक्षा पंधरा दिवस आधी घरातील कर्त्या माणसाकडे जावे आणि सांगावे: “नाना, मी येईन, पाहुण्यांची ऊठबस करीन, पाणी भरीन, भांडी घाशीन. स्थापनेला आणि आरतीला मात्र मी हात जोडणार नाही आणि रोट घेणार नाही. यात तुमचा किंवा भाऊबंदांचा अपमान करण्याचा हेतू नाही, आणि माझा घराशी संबंध तुटलेला नाही.” मग त्या दिवशी खरोखरच सर्वांत आधी जावे आणि भांडी घासून सर्वांत शेवटी निघावे. नाना रागावतील, कदाचित वर्षभर बोलणार नाहीत. ते सोसावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाणी भरायला जावे.

सुनांचा आणि वडिलांच्या घरी राहणाऱ्या मुला-मुलींचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांना नकार देण्याचे स्वातंत्र्य तेवढे नसते. सासूने नैवेद्याचा स्वयंपाक करायला सांगितला तर तो करणे हे घरकाम आहे, पूजा नव्हे, असे माझे मत आहे. काही पाळक याहून कडक भूमिका घेतात. त्यांनी 2 राजे याच्या पाचव्या अध्यायातील अरामी सेनापती नामानाकडे पाहावे अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. आपला धनी हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा मलाही वाकावे लागते, याची देवाने क्षमा करावी, असे त्याने अलीशा संदेष्ट्याला सांगितले आणि अलीशाने त्याला शांतीने जा असे उत्तर दिले. दुसऱ्याच्या छपराखाली राहणाऱ्या नव्या विश्वासणारीला मंडळीने आधी आसरा द्यावा, मग नियम सांगावेत.

गावच्या वर्गणीविषयी साधा मार्ग असा की, पूजेसाठी वर्गणी देऊ नये, पण गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी, शाळेच्या भिंतीसाठी, कुस्त्यांच्या बक्षिसांसाठी किंवा आजाऱ्याच्या मदतीसाठी तेवढीच किंवा त्याहून अधिक रक्कम आपण होऊन, आधी नेऊन द्यावी. सातपुड्यातील पाड्यांवर लग्नात, होळीत आणि पंचांच्या बैठकीत मोहाची दारू पुढे येते. तिथे पेला परत करताना बैठक सोडून उठू नये, शेवटपर्यंत बसावे. नाताळला सगळ्या आळीला घरी जेवायला बोलवावे, आणि लाउडस्पीकर लावला असेल तर रात्री 10 नंतर बंद करावा. तसा नियम आहे, आणि नियम नसता तरी शेजारच्या म्हाताऱ्याला झोप हवी असते.

पाचवी पायरी: जातीपुढे आणि अन्यायापुढे उभे राहणे

ही पायरी मंडळीच्या आतून सुरू होते. ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र असा भेद नाही असे गलतीकरांस पत्रात वाचून, प्रभुभोजनाला एका प्याल्यातून पिऊन, मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न जातीचा विचारणे हे आपल्या मंडळ्यांचे जुने दुखणे आहे. नव्या विश्वासणाऱ्याने जुन्यांचे अनुकरण येथे करू नये. पूर्वी ज्यांच्या घरी पाणी प्यालेलो नाही त्यांच्या घरी जेवायला जावे, त्यांना आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणावे, आणि हे चारचौघांत दिसू द्यावे.

मंडळीबाहेर सातपुड्याच्या भागात डाकीण (चेटकीण) ठरवून एखाद्या बाईला, बहुधा विधवेला, मारहाण करण्याचे आणि गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडत आले आहेत. गावात मूल दगावले किंवा गुरे मेली की कुजबुज सुरू होते. ती पहिल्यांदा कानावर येईल त्याच दिवशी विश्वासणाऱ्याने त्या बाईच्या ओट्यावर जाऊन बसावे, तिच्या घरचे पाणी प्यावे, आणि पोलीस पाटील, आशा ताई आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांना कळवावे. महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार असा आळ घेऊन छळ करणे गुन्हा आहे. गावाच्या विरोधात एका बाईच्या ओट्यावर बसून राहण्याइतके धैर्य फार थोड्या उपदेशांना लागते.

सहावी पायरी: विचारणाऱ्याला उत्तर देणे

पेत्राच्या पहिल्या पत्रातील 3:15 हे वचन पाठ करावे. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सदैव तयार असावे, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावे, असे तिथे सांगितले आहे. उत्तर आधी घरी तयार करून ठेवावे आणि ते बसस्टँडवर गाडी येईपर्यंतच्या वेळात सांगून होईल एवढेच असावे: मी कसा होतो, प्रभू मला कसा भेटला, आणि त्यानंतर माझ्या घरात काय बदलले. शेवटचा भाग घरच्यांना मान्य होण्यासारखा नसेल तर तो अजून सांगू नये. पूर्वीची दारू सुटली असेल तर ते सांगावे, सुटली नसेल तर मंडळीत मदत मागावी. समोरच्याच्या देवतांविषयी, संतांविषयी आणि सणांविषयी वाईट बोलू नये. त्याने प्रश्न विचारला नाही तर हवामानाविषयी आणि कापसाच्या भावाविषयी मोकळेपणाने बोलावे. कोणी “राम राम” म्हटले तर हसून “नमस्कार, या, बसा” म्हणावे, त्यावरून वाद काढू नये.

पैसे, धान्य, नोकरी किंवा शाळेतील प्रवेश यांचे आमिष दाखवून कोणालाही विश्वासात आणू नये. तसे करणे पापही आहे आणि त्यातून मंडळीवर येणारे संकट सगळ्यांना सोसावे लागते. गरिबाला मदत करायची तर त्याने उपासनेला यावे ही अट मनातही ठेवू नये. दुसऱ्यांच्या लहान मुलांना त्यांच्या आई-वडिलांच्या संमतीशिवाय संडे स्कूलला बसवू नये.

आजाऱ्यासाठी प्रार्थनेला बोलावले तर अवश्य जावे, पण औषध थांबवा असे कधीही म्हणू नये. नंदुरबार भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण अनेक घरांत आहेत. त्यांच्या गोळ्या आणि तपासण्या बंद पडल्या तर जीव जाऊ शकतो. साप चावलेल्याला आधी गाडीत घालून दवाखान्यात न्यावे आणि प्रार्थना वाटेत करावी. बरे होणे न होणे देवाच्या हाती सोपवावे. रुग्ण बरा झाला नाही तर त्याच्या विश्वासाला दोष देऊ नये, त्याच्याकडे पुन्हा जावे आणि रात्री दवाखान्यात त्याच्याजवळ थांबावे.

सातवी पायरी: कागदपत्रे आणि विरोध

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 25 नुसार प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टेनिस्लॉस खटल्यात असे स्पष्ट केले की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. याचा अर्थ आपला विश्वास सांगता येतो, दुसऱ्यावर लादता येत नाही. बाप्तिस्म्यापूर्वी त्या वेळी लागू असलेली कायदेशीर प्रक्रिया वकिलाकडून समजून घ्यावी आणि ती पूर्ण करावी.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच मर्यादित आहे. ज्या विश्वासणाऱ्याला हे लागू होते त्याच्यासमोर फार मोठी किंमत उभी राहते, मुलाची शिष्यवृत्ती किंवा नोकरी पणाला लागते, आणि म्हणून त्याला बाप्तिस्म्याची घाई करायला लावणाऱ्या पाळकाने आधी ही गोष्ट त्याला नीट सांगितली पाहिजे. कागदावर एक आणि मंडळीत एक असे जगण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही. पण जो अजून विचार करत आहे त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकारही, ज्याला काही गमवायचे नाही अशा माणसाला नाही.

विरोध झाला, घरसभेत कोणी येऊन अडवले, धमकी दिली, तर हात उचलू नये आणि शिवीला शिवीने उत्तर देऊ नये. मुले आणि वृद्ध यांना आधी बाजूला न्यावे. 112 वर फोन करावा. काय झाले, कोण होते, किती वाजता, हे त्याच रात्री लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी दोन जाणत्या माणसांसह ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, गुन्हा नोंदला गेल्यास त्याची प्रत विनामूल्य मिळते. हक्क वापरणे म्हणजे विश्वासात कमी पडणे असे कोणी म्हणेल. त्याने प्रेषितांची कृत्ये 16 आणि 25 वाचावेत, तिथे पौलाने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आहे आणि कैसराकडे दादही मागितली आहे. तक्रार दिल्यानंतर विरोध करणाऱ्याच्या घरी कोणी आजारी पडले तर पहिली भाकरी तुमच्या घरून जावी. त्या घरासाठी प्रार्थना करावी, आणि तीही दार लावून.

सोबतीचा माणूस

या सगळ्या पायऱ्या एकट्याने चढू नयेत. मंडळीतील एखादा वयाने मोठा, घरात आणि व्यवहारात चांगल्या नावाचा विश्वासणारा शोधावा, बायकांनी एखादी जुनी बहीण शोधावी, आणि महिन्यातून एकदा त्यांच्याकडे बसावे. त्यांना आपल्याला चार प्रश्न विचारण्याची मोकळीक द्यावी: या महिन्यात कोणाचे पैसे अडकवले का, घरात कोणावर हात किंवा आवाज उचलला का, कोणाविषयी मनात अढी आहे का, आणि कोणाच्या भीतीने खोटे बोललास का. उत्तर द्यायला जड जाईल तो प्रश्न पुढच्या महिन्यात पहिल्यांदा घ्यावा. देण्याघेण्याची वही सोबत न्यावी आणि जे फिटले असेल त्यावर त्यांच्यासमोर रेघ मारावी.